‘सहकारी खाणकामा’चा काटा कोणाच्या हाती? बिटकॉइन पूलचा इतिहास आणि आपण

बाबासाहेब आज असते तर बिटकॉइनच्या बाजूने उभे राहिले असते, असा युक्तिवाद हल्ली आपल्याच तरुणांकडून ऐकू येतो. आधार दिला जातो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चा. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रबंधात बाबासाहेबांनी चलन काढणाऱ्या सरकारच्या मर्जीवर बोट ठेवले आणि रुपया काढण्यावर पक्की मर्यादा मागितली. बिटकॉइनमध्ये २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा प्रोग्राममध्येच आहे. म्हणजे बाबासाहेबांचे काम संगणकाने पुरे केले! पोस्टरवर हे छान दिसते. एका बाजूला निळ्या कोटातले बाबासाहेब, दुसऱ्या बाजूला सोनेरी नाणे.

हा युक्तिवाद पुस्तकाचे अर्धेच पान वाचतो. बाबासाहेबांनी केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर टीका केली, ती मर्यादेच्या आकड्यावर प्रेम होते म्हणून नव्हे. रुपया किती काढायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात मजुराच्या मजुरीची किंमत. भाव वाढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागून, धापा टाकत येते, आणि मधला फरक व्यापारी-कारखानदाराच्या खिशात जातो, हे त्यांनी दाखवले. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हाच धागा सोडला नाही. टाकसाळ लोकांसाठी बंद असेल तर ती सरकारसाठीही बंद असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे त्यांचा प्रश्न सत्तेचा होता. चलनाचा निर्णय कोणाच्या टेबलावर होतो, आणि त्या टेबलापर्यंत कष्टकऱ्याचा हात पोचतो का?

तोच प्रश्न बिटकॉइनला विचारला की उत्तर मर्यादेच्या आकड्यात सापडत नाही. ते सापडते मायनिंग पूलच्या इतिहासात. हा इतिहास मराठीत फारसा कोणी सांगत नाही. ‘तंत्रज्ञान’ म्हणून तो बाजूला ठेवला जातो. माझ्या मते तो श्रमाचा, हिशोबाचा आणि मध्यस्थाचा इतिहास आहे, म्हणजे आपल्या ओळखीचाच.

आधी थोडक्यात यंत्रणा. बिटकॉइनचे व्यवहार साधारण दर दहा मिनिटांनी एका ‘ब्लॉक’मध्ये, म्हणजे वहीच्या एका पानावर, नोंदले जातात. पान कोण लिहिणार हे ठरवायला जगभरचे संगणक एक आकडा शोधतात. त्यात हुशारी लागत नाही. पानाचा मजकूर आणि एक आकडा मिळून गणितातून काढायचे, उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आले का पाहायचे, नाही आले तर पुढचा आकडा. याला हॅश काढणे म्हणतात. ज्याला आधी सापडेल तो पान लिहितो आणि नवी नाणी घेतो. सुरुवातीला हे बक्षीस ५० बिटकॉइन होते. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या मूळ लेखात कल्पना अशी होती की प्रत्येक संगणकाचे एक मत. घरातला साधा प्रोसेसर लावा, तुम्हीही मतदार. वाचायला समतेचे वाटते. पण २०१० मध्येच लोकांनी गेमिंगसाठीची ग्राफिक्स कार्डे या कामाला जुंपली आणि साधा प्रोसेसर निकालात निघाला. २०१३ मध्ये फक्त हेच एक काम करणाऱ्या चिपची यंत्रे बाजारात आली आणि ग्राफिक्स कार्डेही निकालात निघाली. मत यंत्राला असेल तर ज्याच्याकडे यंत्रे जास्त त्याची मते जास्त. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनातली विषमता यांच्या विसंगतीचा इशारा दिला होता. बिटकॉइनमध्ये ती विसंगती दोन वर्षांत उघडी पडली, कारण इथे मत आणि मालमत्ता यांच्यात भिंतच नव्हती.

२०१० च्या शेवटी साध्या संगणकवाल्याची अडचण अशी होती : त्याला ब्लॉक सापडेलही, पण कधी ते सांगता येत नाही. कदाचित उद्या, कदाचित काही वर्षांनी. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येणार. प्रागमधल्या मारेक पालातिनुस या तरुण प्रोग्रामरने, ज्याला सगळे ‘स्लश’ म्हणून ओळखत, त्यावर उपाय मांडला. त्याने त्याला नाव दिले ‘सहकारी खाणकाम’. सगळ्यांनी मिळून शोधायचे, कोणालाही सापडले तरी बक्षीस कामाच्या प्रमाणात वाटायचे. १६ डिसेंबर २०१० रोजी त्याच्या पूलला पहिला ब्लॉक सापडला. सॉफ्टवेअर त्याने स्वतःच लिहिले होते. आयते काही उपलब्धच नव्हते.

सहकार! महाराष्ट्रातल्या माणसाने या शब्दाशी थोडे थांबावे. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हाही हा शब्द खराच होता. पुढे त्याचे काय झाले, सभासद कोण झाला, चेअरमन कोण झाला आणि ऊस तोडणारा कुठे राहिला, हे बीड-उस्मानाबादच्या वस्त्यांत विचारा. ऊसतोड कामगाराला मजुरी टनावर मिळते. टन ठरतो काट्यावर. काटा कारखान्याचा, नोंद कारखान्याची, मधे मुकादम, त्याची उचल आणि त्याचे कमिशन. कोयता किती चालला हे कामगाराला माहीत असते, काट्यावर किती पडले हे त्याला सांगितले जाते. पूल समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही, कारण पूलमध्येही सगळा खेळ काट्याचाच आहे.

पूलचा काटा कसा असतो? शंभर जण मिळून आकडा शोधतायत, पण कोणी किती शोधले हे कसे कळणार? नुसते ‘मी रात्रभर मशीन चालवले’ म्हणून भागत नाही. म्हणून पूल प्रत्येकाला सोपी परीक्षा देतो. खऱ्या ब्लॉकसाठी उत्तर अतिशय लहान असावे लागते. पूल म्हणतो, त्याहून बऱ्याच मोठ्या मर्यादेखालचे उत्तर सापडले तरी मला पाठव. अशा उत्तराला ‘शेअर’ म्हणतात. सर्वांत सोप्या दर्जाचा एक शेअर सापडायला सरासरी सुमारे ४२९ कोटी हॅश काढावे लागतात. तो आयता बनवता येत नाही, आणि सर्व्हरला तो क्षणात तपासता येतो. म्हणजे प्रत्येक शेअर ही वजनाची एक पावती. हजारो शेअरमधून कधीतरी एक असा निघतो की तो खऱ्या मर्यादेखालीही बसतो, तोच ब्लॉक. तो सापडलेला मायनर तो परस्पर पळवू शकत नाही, कारण हिशोबात घेतलेल्या मजकुरात बक्षिसाचा पत्ता पूलचा असतो. पत्ता बदलला की मजकूर बदलतो आणि उत्तर निकामी होते.

इथपर्यंत यंत्रणा सुंदर आहे, यात वाद नाही. मजुराने केलेले काम गणिताने सिद्ध होते. कोणताही मुकादम ‘तू कामच केले नाहीस’ असे म्हणू शकत नाही. आपल्या कष्टकऱ्यांच्या इतिहासात असा काटा कधी मिळाला होता?

पण पावती मिळणे वेगळे आणि पावतीचा दर ठरणे वेगळे. पहिल्या पद्धतीत हिशोब सरळ होता : दोन ब्लॉकच्या मधल्या काळात जितके शेअर आले त्यांच्या प्रमाणात वाटणी. लवकरच हुशार लोकांच्या लक्षात आले की फेरी नुकती सुरू झाली असेल तेव्हा शेअर थोडे असतात आणि प्रत्येकाची किंमत जास्त असते. फेरी लांबली की किंमत पडते. मग ते सुरुवातीला एका पूलवर घुसायचे, फेरी लांबली की दुसऱ्या पूलवर उडी मारायचे. याला ‘पूल हॉपिंग’ म्हणतात. तोटा कोणाचा? जो मशीन चालू करून, विश्वासाने एकाच ठिकाणी राहिला त्याचा. नियम सर्वांना सारखा होता, फायदा मात्र ज्याला नियमाचे गणित येते त्याला झाला. कायद्यापुढची समता आणि प्रत्यक्षातली समता यांतला फरक समाजशास्त्राच्या वर्गात शिकवायला हे उदाहरण घेता येईल.

स्लशने सॉफ्टवेअर बदलले. नव्या शेअरला वजन जास्त, जुन्याचे वजन वेळेनुसार झपाट्याने कमी, अशी गुणपद्धत आणली. २०११ मध्ये इस्रायलच्या मेनी रोझेनफेल्ड या गणितज्ञाने या सर्व पद्धतींचे सविस्तर विश्लेषण लिहिले, आणि त्यानंतर ‘शेवटचे अमुक इतके शेअर मोजा, फेरी विसरा’ ही पद्धत रुळली. दुसरीकडे काही पूल प्रत्येक शेअरला ठरलेला दर देऊ लागले, ब्लॉक सापडो न सापडो. हा फरक आपल्याकडच्या वाट्याने शेती आणि रोजंदारी यांच्यातल्या फरकासारखा आहे. रोजंदारीत जोखीम मालकाची, पण त्यासाठी मालकाकडे मोठा साठा हवा. आणि तो जोखमीची किंमत कमिशनमधून कापून घेतो. म्हणूनच ठरलेला दर देण्याची ताकद हळूहळू मोठ्या भांडवलाच्या पूलकडेच राहिली.

यातली प्रत्येक पद्धत म्हणजे सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमधल्या काही ओळी. त्या पूल चालवणारा लिहितो. सभासदांची सभा नाही, ठराव नाही, हरकत नोंदवायची वही नाही. पटले नाही तर दुसऱ्या पूलवर जा. गाव सोडून जाण्याचे स्वातंत्र्य आपल्यालाही होतेच की! चालवणारा भला असेल तर प्रश्न नाही. मार्च २०१२ मध्ये भाड्याच्या सर्व्हरवर झालेल्या चोरीत स्लशच्या पूलचे तीन हजारांहून जास्त बिटकॉइन गेले, तेव्हा त्याने ते नुकसान सभासदांवर टाकले नाही. चांगला माणूस. पण चांगल्या माणसावर उभी असलेली व्यवस्था म्हणजे व्यवस्था नव्हे, हे आपल्याला दान-दयेच्या राजकारणाने पुरते शिकवले आहे.

एलिजियस या पूलची गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतल्या ल्यूक डॅशजूनियर या प्रोग्रामरने तो सुरू केला. त्याची रचना अनेक बाबतींत इतरांपेक्षा न्याय्य होती. नोंदणी नाही, पासवर्ड नाही. तुमचा बिटकॉइन पत्ता हेच तुमचे नाव. फी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाटणी शक्यतो ब्लॉकच्या पहिल्याच व्यवहारातून थेट सभासदांच्या पत्त्यांवर जायची, पूलच्या तिजोरीत पैसा साठायचा नाही. सावकाराच्या हातात ठेवच राहिली नाही तर तो बुडवणार काय? यासाठी त्याने पायथॉनमध्ये ‘एलॉयपूल’ हे स्वतःचे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते सर्वांसाठी खुले केले.

हाच माणूस कट्टर कॅथलिक. त्याने पूलच्या ब्लॉकमधल्या मोकळ्या जागेत धार्मिक प्रार्थना लिहिल्या. वीज आणि यंत्रे शेकडो लोकांची, त्यांत नास्तिकही असतील. कायमच्या वहीत देव मात्र त्याचा. काहींनी कुरकुर केली, काहींनी हसण्यावारी नेले. सार्वजनिक कचेरीत सत्यनारायण घालणारे आपण पाहिले आहेत, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही.

पण जानेवारी २०१२ मध्ये जे घडले ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कॉइल्डकॉइन नावाचे एक नवे, छोटे चलन निघाले होते. त्याची रचना अशी की बिटकॉइनसाठी केलेले कामच त्यालाही लागू करता येई. डॅशजूनियरला ते चलन फसवणुकीचे वाटले. त्याने एलिजियसच्या सभासदांची गणनशक्ती त्या चलनावर वळवली आणि ते बंद पाडले. सभासदांना विचारले नाही. त्याचा बचाव असा की सभासदांचे एक पैशाचेही नुकसान झाले नाही, त्यांना बिटकॉइन पूर्ण मिळाले. बचाव खरा आहे. आणि म्हणूनच तो जास्त विचार करायला लावणारा आहे. मजुरी पूर्ण दिली म्हणजे मजुराच्या हाताने वाटेल ते करून घेण्याचा हक्क मिळतो का? महार वतनाविरुद्ध बाबासाहेब लढले तेव्हा वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्याइतकाच हाही प्रश्न होता : हुकूम येईल ते काम, हुकूम येईल तेव्हा, नकाराचा हक्क नाही. पूलच्या मायनरला तर हुकूम आल्याचेही कळले नाही.

का कळले नाही, हे तांत्रिक कारण महत्त्वाचे आहे. त्या काळी पूल मायनरला फक्त ८० बाइटचे शीर्षक पाठवायचा. त्यात व्यवहारांचा नुसता सारांश असतो. पानावर काय लिहिले आहे हे मायनरला दिसत नसे. तो डोळ्यांवर पट्टी बांधून घाणा ओढत होता. यंत्रे वेगवान झाली तसा या जुन्या पद्धतीचा सर्व्हरवर ताण आला आणि २०१२ मध्ये दोन पर्याय पुढे आले. एक, डॅशजूनियरचा ‘गेटब्लॉकटेम्प्लेट’ : पानाचा पूर्ण मसुदा मायनरला द्या, तो वाचेल, हवे तर बदलेल. दोन, स्लशचा ‘स्ट्रॅटम’ : मायनरला गरजेपुरते तुकडे द्या, म्हणजे काम हलके होईल; पानावर काय लिहायचे ते पूल ठरवेल. बाजाराने स्ट्रॅटम निवडला. तो हलका होता, वेगवान होता, लावायला सोपा होता. कोणी कट केला नाही. मायनरने स्वतःच डोळ्यांवरची पट्टी तशीच ठेवली, कारण पट्टी काढली तर दर दिवशी वाचन करावे लागते.

खरा सहकार उभा करण्याचाही प्रयत्न झाला. २०११ मध्ये फॉरेस्ट व्हॉइट याने ‘पीटूपूल’ लिहिला. त्यात मालकच नव्हता. प्रत्येक मायनरचा संगणक सर्वांच्या शेअरची सामाईक वही ठेवायचा, काही सेकंदांच्या अंतराने त्यात नोंद पडायची, आणि ब्लॉक सापडला की वहीतल्या नोंदींप्रमाणे थेट वाटणी. काटा सर्वांचा, वही सर्वांची. मग तो वाढला का नाही? कारण सभासदाला बिटकॉइनची पूर्ण वही आपल्या संगणकावर ठेवावी लागे, इंटरनेट चांगले लागे, बिघाड झाला तर स्वतः निस्तरावा लागे. लहान मायनरच्या वाट्याला नाण्यांचा चुरा येई, आणि तो खर्च करायलाच व्यवहार शुल्क जास्त लागे. ज्याच्यासाठी ही रचना सर्वांत उपयोगी, त्यालाच ती परवडत नव्हती. सहकार कागदावर लिहिला म्हणून टिकत नाही, त्यामागे साधने सामाईक असावी लागतात. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेब जमीन राज्याच्या मालकीची करून, बियाणे-अवजारांसह ती सामूहिक शेतीला द्या, असे का म्हणतात, ते इथे कळते. अवजाराविना दिलेला हक्क वापरला जात नाही.

पुढची वर्षे केंद्रीकरणाची आहेत, ती भराभर सांगता येतील. मार्च २०१३ मध्ये सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांत मेळ न राहिल्याने बिटकॉइनची वहीच दुभंगली. बीटीसी गिल्ड आणि स्लश या मोठ्या पूलच्या चालकांनी जुन्या आवृत्तीवर परत जायचे ठरवले आणि काही तासांत प्रश्न मिटला. निर्णय योग्य होता, त्यात त्यांनी स्वतःचे नुकसानही सोसले. पण जगभरच्या ‘मालक नसलेल्या’ चलनाचा निर्णय मूठभरांच्या गप्पांत झाला हेही तितकेच खरे. जून २०१४ मध्ये घॅश डॉट आयओ या एकाच पूलकडे काही काळ एकूण गणनशक्तीच्या निम्म्याहून जास्त वाटा गेला. निम्म्याहून जास्त म्हणजे झालेला व्यवहार मागे फिरवण्याची ताकद. ओरड झाल्यावर पूलने मर्यादा पाळायचे आश्वासन दिले. पुन्हा आश्वासनच. एलिजियसवर त्याच वर्षी उलट्या बाजूने घाव बसला : काही मायनरनी सगळे शेअर पाठवले, पण ब्लॉक ठरणारी उत्तरे दाबून ठेवली, आणि पूलला सुमारे ३०० बिटकॉइनचा फटका बसला. मजूर म्हटला की तो प्रामाणिकच, असा भाबडेपणा आपण करायचा नाही.

यंत्रे मात्र बीजिंगच्या बिटमेनसारख्या कंपन्यांची, वीज सिचुआनच्या धरणांची, पूलही त्यांचेच, अशी स्थिती आली. २०२१ मध्ये चीन सरकारने बंदी घातल्यावर यंत्रे कझाकस्तान आणि अमेरिकेकडे गेली. आज फाउंड्री आणि अँटपूल या दोनच पूलकडे मिळून निम्म्याच्या आसपास ब्लॉक जातात. २०२४ मध्ये काही स्वतंत्र अभ्यासकांनी दाखवून दिले की वेगवेगळ्या नावांचे अनेक पूल पानाचा एकाच ठिकाणचा मसुदा वापरत आहेत. पाट्या अनेक, लेखणी एक.

लेखणी एकाच्या हातात आली की वहीतून कोणाला वगळायचे हेही तोच ठरवतो. एलिजियसने २०१२ मध्येच एका जुगाराच्या साइटचे व्यवहार गाळायला सुरुवात केली होती. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मॅरेथॉन कंपनीने अमेरिकन सरकारच्या निर्बंध यादीतल्या पत्त्यांचे व्यवहार टाळणारा ‘स्वच्छ’ ब्लॉक काढल्याचे अभिमानाने जाहीर केले. टीका झाल्यावर महिन्याच्या आत मागे घेतले. ‘स्वच्छ’ हा शब्द वाचून माझे कान टवकारले. बहिष्कृत समाजावर लादलेल्या बहिष्काराची यातना वेगळी, तिची बरोबरी इथे करायची नाही. पण यंत्रणा ओळखीची आहे. गावात बहिष्कार कायद्याने होत नव्हता. विहीर ज्याची, दुकान ज्याचे, गिरणी ज्याची, त्याने नुसते ‘नाही’ म्हटले की पुरे. बिटकॉइनच्या नियमात कोणीही अस्पृश्य नाही, हे म्हणणे त्यामुळे अपुरे पडते. विहीर कोणाची, ते सांगा.

आता आपल्या दारातली गोष्ट. पूलच्या इतिहासात भारताचेही एक नाव आहे : जीबीमायनर्स. २०१६-१७ च्या सुमारास जगातल्या ब्लॉकपैकी काही टक्के या पूलच्या नावावर निघत होते. चालवणारा अमित भारद्वाज, गेनबिटकॉइन योजनेचा प्रवर्तक. योजना अशी : आम्हाला बिटकॉइन द्या, आम्ही खाणकाम करतो, १८ महिने दरमहा १० टक्के घ्या. वर आणखी माणसे आणा, कमिशन घ्या. परतावा थांबला, पुणे, नांदेड आणि इतर ठिकाणी गुन्हे नोंदले गेले, एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्तीतले बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी अटक केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रकरणे सीबीआयकडे गेली.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण आपल्या वस्त्यांतले लोक नेमके इथेच फसतात. पूल खरा होता, ब्लॉक खरे निघत होते. पण गुंतवणूकदार त्या पूलचा मायनर नव्हता. त्याच्याकडे यंत्र नव्हते, त्याच्या नावाने एकही शेअर काट्यावर पडत नव्हता. त्याच्याकडे होता फक्त संकेतस्थळावर वाढत जाणारा आकडा, जो कंपनीचा कारकून हवा तसा टाइप करू शकतो. खऱ्या पूलमध्ये माझे यंत्र किती हॅश काढते हे मला माहीत असते, आणि पूलने किती शेअर धरले हे मी ताडून पाहू शकतो. ‘क्लाउड मायनिंग’मध्ये ताडून पाहायला काहीच नसते. आणि दरमहा ठरलेला १० टक्के परतावा? बक्षीस ठरावीक, अवघडपणा दर २०१६ ब्लॉकनंतर बदलणारा. सगळ्यांची यंत्रे वाढली की तुमचा वाटा घटतोच. ज्याला पूल कसा चालतो हे दहा मिनिटे समजावून मिळाले असते, त्याने पहिल्याच सभेत हात वर केला असता.

वस्तीत काम करताना अशा सभा मी पाहिल्या आहेत. छोटा हॉल, पहिल्या रांगेत नुकतेच नोकरीला लागलेले तरुण, मागे बचत गटाच्या ताया. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांनी अर्थशास्त्रावर लिहिल्याचा उल्लेख. पुस्तकातले एक पान मात्र कोणी उघडत नाही. बँक ज्यांना दारात उभे करत नाही, त्यांना ‘बँकेविना पैसा’ हे शब्द गोड लागणारच. त्यांचा दोष मी काढणार नाही. पण चळवळीतले शिकलेले लोक ‘हे तांत्रिक आहे’ म्हणून गप्प बसतात, ते मला मान्य नाही. सावकाराची वहीही तांत्रिकच होती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. वाचता येत नव्हते, पण सत्ता कुठे लिहिलेली आहे हे त्यांना कळले होते. आज वाचता येते, तर जाळण्याऐवजी वाचूया.

भारतात स्वतः खाणकाम करू म्हणणाऱ्या तरुणाला हिशोब तर आधीच बसत नाही. एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, आणि खाणकामाच्या यंत्रणेवरचा खर्च वजा मिळणार नाही असे सरकारने संसदेत सांगितले आहे. पण पूलचे सॉफ्टवेअर वाचायला कर लागत नाही. एलॉयपूल खुले आहे. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास, जे व्यवसायाने भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत, त्यांनी सी भाषेत लिहिलेला ‘सीकेपूल’ खुला आहे. शेअर कुठे तपासला जातो, कोणाच्या खात्यावर धरला जातो, वाटणी कोणत्या ओळीत होते, हे संगणकशास्त्र शिकणारी आपली मुलगी एका सुट्टीत वाचून काढू शकेल. जो हिशोबाची वही वाचू शकतो त्याला रेशन दुकानाचे सॉफ्टवेअर, शिष्यवृत्तीचे पोर्टल आणि रोजगार हमीची ऑनलाइन हजेरीही वेगळ्या डोळ्यांनी दिसते. तिथेही कोणीतरी ओळी लिहिल्या आहेत आणि सभा झालेली नाही.

एलिजियस २०१७ मध्ये बंद पडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ल्यूक डॅशजूनियर ‘ओशन’ नावाचा नवा पूल घेऊन परतला, या वेळी ट्विटरचे संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या भांडवलासह. महिन्याभरातच त्यावर व्यवहार गाळल्याचा आरोप झाला. एका गोपनीयता-सेवेचे व्यवहार त्याच्या पानांवर येत नव्हते. मग २०२४ मध्ये त्याच पूलने ‘डेटम’ ही पद्धत आणली. तिच्यात पानाचा मसुदा मायनर स्वतः लिहितो आणि पूल फक्त शेअर मोजून वाटणी करतो. प्रागच्या मंडळींनी काढलेल्या स्ट्रॅटमच्या दुसऱ्या आवृत्तीतही अशी सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे आणि मोठे पूल ती फारशी देत नाहीत. म्हणजे डोळ्यांवरची पट्टी काढायचे सॉफ्टवेअर आता तयार आहे. ते चालवायला मायनरला पुन्हा पूर्ण वही आपल्या संगणकावर ठेवावी लागते, पीटूपूलच्या वेळी लागत होती तशीच. ओशनचा जगातल्या गणनशक्तीतला वाटा अजून लहान आहे.